शाळेचा पट आणि घराचा उंबरठा

राष्ट्रीय दिनाचे संचलन म्हटले की रणगाडे, तोफा आणि पावलात पाऊल टाकून चालणारे जवान डोळ्यांपुढे येतात. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या चिमुकल्या देशात १५ सप्टेंबरच्या स्वातंत्र्यदिनी जे संचलन निघते, त्यात यांपैकी काहीही नसते. तेथे रस्त्यावरून ढोल वाजवत चालतात ती शाळेची मुले. आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला देशभर राष्ट्रगीत होते आणि मुले कागदाचे कंदील हातात घेऊन बाहेर पडतात. सैन्याची जागा शाळेने घेतली, हे वाक्य भाषणात टाळ्या घेण्यापुरते वाटेल. पण कोस्टा रिकाच्या बाबतीत ते इतिहासाला धरून आहे. १ डिसेंबर १९४८ रोजी होसे फिगेरेस यांनी सान होसे शहरातील बेयाविस्टा छावणीच्या भिंतीवर घण घालून सैन्य बरखास्त झाल्याचे जाहीर केले. त्या छावणीत आज राष्ट्रीय संग्रहालय आहे. पुढच्या वर्षीच्या राज्यघटनेने कायमस्वरूपी सैन्य ठेवण्यास मनाई केली आणि ‘आमच्याकडे सैनिकांपेक्षा शिक्षक अधिक’ हे त्या देशाचे लाडके वाक्य होऊन बसले.

अशा देशात एखादे जोडपे ‘आमचे मूल आम्ही शाळेत घालणार नाही, घरीच शिकवू’ असे म्हणते, तेव्हा प्रश्न निव्वळ शिक्षणपद्धतीचा राहत नाही. ते जोडपे नकळत राष्ट्राच्या पायाच्या दगडालाच हात घालत असते. अमेरिकेत ज्याला होमस्कूलिंग म्हणतात आणि आपण गृहशिक्षण म्हणू, त्याला कोस्टा रिकाच्या कायद्यात जागा का नाही, हे या पार्श्वभूमीशिवाय समजणार नाही. महाराष्ट्राच्या साधारण एक षष्ठांश क्षेत्रफळाचा आणि पन्नास लाखांच्या आसपास वस्तीचा हा देश. त्याच्या एका शिक्षणविषयक कलमाची उठाठेव मराठी वाचकाने का करावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळावे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९४९ च्या राज्यघटनेचे ७८ वे कलम शिक्षण सक्तीचे करते. सुरुवातीला ही सक्ती प्राथमिक शिक्षणापुरती होती. पुढे ती वाढत गेली. १९९७ च्या दुरुस्तीने पूर्वप्राथमिक शिक्षण सक्तीच्या कक्षेत आले आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करण्याचे बंधन शासनावर पडले. २०११ च्या दुरुस्तीने सक्ती माध्यमिक शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत नेली आणि सहाचे आठ टक्के केले. म्हणजे बालवाडीत पाऊल टाकल्यापासून हायस्कूलची शेवटची इयत्ता ओलांडेपर्यंत कोस्टा रिकाचे मूल कायद्याने विद्यार्थी असते. जगात इतकी लांब सक्ती फार थोड्या देशांनी घटनेत घातली आहे.

त्याच्या पुढचेच ७९ वे कलम शिक्षण देण्याचे स्वातंत्र्य मान्य करते. मात्र लगेच पुस्ती जोडते की, प्रत्येक खासगी शिक्षणसंस्था शासनाच्या तपासणीखाली राहील. गृहशिक्षणाचे समर्थक या कलमाच्या पहिल्या अर्ध्या भागावर बोट ठेवतात, तर शिक्षण मंत्रालय दुसऱ्या अर्ध्या भागावर. स्वातंत्र्य आहे, पण ते संस्था काढण्याचे. धार्मिक शाळा काढा, इंग्रजी माध्यमाची काढा, परदेशी अभ्यासक्रम शिकवा. तपासनीस येऊन बसेल असे एक खोली-फळा असलेले ठिकाण दाखवा, म्हणजे झाले. घराच्या ओटीवर आई मुलाला शिकवते, त्या ओटीला कायद्यात नाव नाही. आणि ज्याला नाव नाही त्याची तपासणी होत नाही, तपासणी नाही म्हणून मान्यता नाही.

१९९८ च्या बाल व किशोर संहितेने ही गाठ आणखी आवळली. मुलाला शाळेत घालणे आणि तेथे टिकवणे हे पालकांचे कर्तव्य ठरले. ते पाळले जात नसेल तर लक्ष घालण्यासाठी राष्ट्रीय बालसंरक्षण मंडळ आहे. हे मंडळ १९३० सालचे, घटनेतही त्याचा उल्लेख आहे. त्याच्या स्पॅनिश आद्याक्षरांवरून त्याला ‘पानी’ म्हणतात. आपल्या कानाला ते नाव गमतीचे वाटेल. तेथील पालकाला मात्र या मंडळाचा माणूस दारात उभा राहिला की गंमत वाटत नाही. मंडळाचे मुख्य काम मारहाण, उपासमार, लैंगिक अत्याचार यांतून मुलांना सोडवण्याचे. शाळेच्या पटावर नाव नसलेले मूल त्याच्यापुढे येते ते याच रांगेत. ते मूल घरी भूमिती शिकत असो की भांडी घासत असो, कागदावर नोंद एकच : शाळाबाह्य.

कायद्याची खरी खोच येथे आहे. कोस्टा रिकाचा कायदा ‘मूल शिकते का?’ असे विचारत नाही. ‘मूल पटावर आहे का?’ असे विचारतो.

असा कायदा करणाऱ्यांना दूषणे देण्यापूर्वी तो कोठून आला ते पाहिले पाहिजे. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याची तरतूद या देशाने १८६९ च्या राज्यघटनेत केली. इंग्लंडलाही तोवर ते जमले नव्हते. १८८६ मध्ये शिक्षणमंत्री मावरो फेर्नांदेस यांनी कायदा करून या तरतुदीला हातपाय दिले. माणूसही धाडसी. शाळांसाठी त्यांनी मुलांचे आणि मुलींचे सरकारी विद्यालय काढले आणि देशातील एकमेव विद्यापीठ १८८८ मध्ये चक्क बंद केले! आधी पाया, मग कळस, असा त्यांचा हिशेब. तो बरोबर होता की नाही यावर तेथे अजून वाद होतात. पण कॉफीच्या मळ्यांवर राबणाऱ्या कुटुंबातील पोरगे पाटीवर अक्षर गिरवू लागले ते या सक्तीमुळे, याबद्दल दुमत नाही.

आपल्याकडे ही भाषा अपरिचित नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानभर सक्ती लागू केली, आणि राजर्षी शाहूंनी १९१७ साली कोल्हापुरात मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया म्हणजे गरिबाला चटका बसेल एवढी रक्कम. या तिघांच्या मनात पुस्तकांनी भरलेल्या घरातील आई-बाप नव्हते. त्यांच्यापुढे होता गुराखी पोर, आणि त्याला गुरांमागे धाडणारा बाप, आणि त्या बापाला ‘तुझ्या पोराला शिकून काय करायचे आहे’ असे सांगणारे गाव. सक्ती होती ती त्या तिघांच्या विरुद्ध आणि त्या पोराच्या बाजूने. कोस्टा रिकातील सक्तीचा जन्मही याच भूमिकेतून झालेला आहे. ही बाजू विसरून केवळ ‘व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला’ अशी ओरड करणे सोपे असते.

तेव्हा आता गृहशिक्षण करू पाहणाऱ्या कुटुंबाची वाट कशी असते? पुढच्या दाराला कुलूप आहे, पण मागचे दार अर्धवट उघडे आहे. देशात ‘मुक्त शिक्षण’ नावाची परीक्षापद्धती शिक्षण मंत्रालयच चालवते. शाळा सुटलेल्या किशोरांनी आणि प्रौढांनी बाहेरून परीक्षा देऊन एकेक टप्पा पार करावा आणि शेवटी विद्यापीठाच्या प्रवेशाला लागणारा ‘बाचिएरातो’ पदवीदाखला मिळवावा, अशी ही सोय. आपल्याकडच्या सतरा नंबरच्या फॉर्मशी हिचे नाते जवळचे आहे. घरी शिकलेली मुलेही ही वाट धरू शकतात. फरक इतकाच की, ही वाट बांधली गेली ती शाळेने ज्यांना गमावले त्यांच्यासाठी. तिला वयाची अट आहे आणि सात-आठ वर्षांच्या मुलासाठी ती नाहीच. म्हणजे मधली सगळी वर्षे त्या मुलाने कायद्याच्या नजरेआड काढायची, आणि योग्य वय झाल्यावर गळती झालेल्या विद्यार्थ्याचे सोंग घेऊन परीक्षेला बसायचे. जे मूल कधी गळलेच नाही, त्याने स्वतःला गळालेले म्हणवून घ्यायचे! कायद्याने माणसाला खोटे बोलायला लावू नये, ही अपेक्षा फार मोठी नाही.

दुसरी वाट परदेशातून जाते. अमेरिकेतील एखाद्या मान्यताप्राप्त पत्रद्वारा किंवा ऑनलाइन शाळेत नाव घालायचे, शुल्क डॉलरमध्ये भरायचे आणि तेथले गुणपत्रक आणून कोस्टा रिकात समकक्षता मिळवायची. डिसेंबर २०११ पासून हा देश ‘अपोस्टिल’ करारात असल्याने परदेशी कागदावरचे शिक्के पूर्वीपेक्षा सुलभ झाले. ही वाट कोणाला परवडते हे सांगायला नको. निवृत्त आणि निवृत्तीपूर्व अमेरिकनांची मोठी वस्ती या देशात आहे. समुद्रकिनाऱ्यालगतच्या काही गावांत तर स्पॅनिशपेक्षा इंग्रजी अधिक ऐकू येते. यांच्यापैकी अनेकांचा समज असा असतो की, आपण परके, येथल्या शाळेच्या कायद्याचा आपल्याशी काय संबंध? घटनेचे १९ वे कलम मात्र सांगते की, घटनेने व कायद्याने केलेले अपवाद सोडले तर परकीयांचे हक्क आणि कर्तव्ये नागरिकांसारखीच.

कागदावर तसे, व्यवहार निराळा. २०२१ साली कोस्टा रिकाने परदेशी कंपन्यांची कामे संगणकावरून करणाऱ्यांना बोलावण्यासाठी खास कायदा केला. एकट्याचे उत्पन्न महिना तीन हजार डॉलर, कुटुंब बरोबर असेल तर चार हजार, आणि आरोग्य विमा. एवढ्या भांडवलावर एक वर्ष राहता येते, मुदतही वाढवून मिळते. असे आई-बाप सकाळी टेकडीवरच्या भाड्याच्या घरात संगणक उघडतात आणि त्यांची मुले शेजारच्या खोलीत दुसऱ्या संगणकावर शिकतात. त्यांच्यामागे बालसंरक्षण मंडळ लागल्याचे चित्र डोळ्यांपुढे येत नाही. शेजारच्या गावातील कोस्टा रिकन शिक्षिकेने आपल्या मुलीला शाळेतून काढून घरी शिकवायचे ठरवले तर तिला हीच निर्धास्तता लाभेल का? माझ्या मते नाही. एकच कायदा पाहुण्याकडे डोळेझाक करतो आणि घरच्यावर डोळे वटारतो, तेव्हा तो समतेचा कायदा उरत नाही.

गंमत अशी की, परक्यांनी येऊन आपल्या श्रद्धेप्रमाणे मुले वाढवण्याची परंपरा या प्रदेशात जुनी आहे आणि ती कायद्याच्या चौकटीत बसलेली आहे. १९५१ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यातून काही क्वेकर कुटुंबे कोस्टा रिकाच्या मोन्तेवेर्दे डोंगरावर येऊन राहिली. त्यांच्यातील चार तरुणांनी सक्तीच्या लष्करभरतीसाठी नाव नोंदवायला नकार देऊन तुरुंगवास भोगला होता. सैन्य नसलेला देश त्यांनी मुद्दाम शोधून काढला. आल्या वर्षीच त्यांनी आपली शाळा काढली आणि ती आजही चालू आहे. बेलीझमध्ये १९५८ पासून मेनोनाइट पंथाचे शेतकरी मेक्सिकोतून येऊन वसले. तेव्हाच्या ब्रिटिश सरकारशी त्यांनी लेखी करार केला : लष्करी सेवा नाही आणि शाळा आमच्या, आमच्या भाषेत. म्हणजे समूह आला तर त्याच्या श्रद्धेला शाळेचे छप्पर मिळते. एकटे कुटुंब आले तर ते उघड्यावर.

मध्य अमेरिकेतील इतर घटना वाचल्या तर आणखी एक विसंगती दिसते. ग्वाटेमालाच्या १९८५ च्या घटनेत कुटुंब हे शिक्षणाचे उगमस्थान आहे आणि मुलांना कोणते शिक्षण द्यावे हे निवडण्याचा पालकांना अधिकार आहे, अशा आशयाचे ७३ वे कलम आहे. पुढचेच ७४ वे कलम शिक्षण घेणे बंधनकारक करते. एल साल्वादोरची १९८३ ची घटनाही निवडीचा अग्रहक्क पालकांना देते आणि लगेच पुढच्या कलमात शिक्षण घेणे हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरवते. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले, असे म्हणता येईल. किंवा दोन्ही हात एकाच मुलाला धरून आहेत, असेही. ज्या त्या देशाचा कारकून कोणत्या कलमापाशी पान उघडतो यावर बरेच अवलंबून.

आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घ्यावा तर तेथेही भुसभुशीत जमीन. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात मुलांच्या शिक्षणाचा प्रकार निवडण्याचा अग्रहक्क पालकांचा आहे. अमेरिका खंडाचा मानवी हक्क करार १९६९ साली झाला तो कोस्टा रिकाच्याच राजधानीत. त्याला ‘सान होसे करार’ म्हणतात, आणि त्या कराराचे न्यायालयही त्याच शहरात बसते. मुलांना आपल्या श्रद्धेनुसार धार्मिक व नैतिक शिक्षण मिळावे हा पालकांचा हक्क त्यात आहे. १९८८ च्या साल्वादोर शिष्टाचाराने त्यात शिक्षणाचा प्रकार निवडण्याचा हक्क घातला. पण ‘प्रकार निवडणे’ म्हणजे ‘शाळाच न निवडणे’ का, यावर हे मसुदे गप्प आहेत. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २००६ मध्ये जर्मनीची गृहशिक्षणबंदी ग्राह्य मानली. स्पेनच्या घटना न्यायालयाने २०१० च्या डिसेंबरमध्ये, शाळेची सक्ती घटनेला धरूनच आहे, असा निर्णय दिला.

मग २०१८ साल उजाडले आणि सारा वाद वेगळ्याच बाजूने उघडा पडला. सरकारच्या करसुधारणेविरुद्ध सप्टेंबरमध्ये सार्वजनिक कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. इतर खाती हळूहळू कामावर परतली. शिक्षकांचा संप मात्र सुमारे तीन महिने चालला. कोस्टा रिकाचे शालेय वर्ष फेब्रुवारी ते डिसेंबर असते, म्हणजे वर्षाचा सगळा शेवटच गेला. पुढच्या वर्षी पुन्हा संप. त्यापाठोपाठ मार्च २०२० मध्ये महासाथ आली आणि शाळांना कुलपे लागली. २०२१ मध्ये वर्ग सुरू होतात न होतात तोच मे महिन्यात ते पुन्हा थांबवावे लागले. देशातील शिक्षणस्थितीचा जो अधिकृत दर्जाचा अहवाल नियमाने निघतो, त्याने २०२१ मध्ये या काळाला ‘अपागोन’ असे नाव दिले. अपागोन म्हणजे आपण ज्याला ‘लाइट गेले’ म्हणतो ते. एका पिढीच्या शिक्षणातले लाइट गेले होते.

या काळात शिक्षण मंत्रालयाने काय केले? घरी पाठवायचे अभ्यासाचे कागद छापले, दूरचित्रवाणीवर धडे लावले आणि या सगळ्या योजनेचे नाव ठेवले : ‘मी घरी शिकतो’. ज्या मंत्रालयाच्या लेखी घर हे शिकण्याचे ठिकाण नव्हते, त्यालाच हे नाव सुचावे यात नियतीची थट्टा आहे. जिथे इंटरनेट पोहोचत नव्हते तिथे आई किंवा मोठी बहीण गुरुजी झाली. लाखो मुले घरी शिकली, किंवा न शिकता घरी राहिली. पण ती सगळी कायदेशीर होती, कारण त्यांची नावे पटावर होती. त्याच महिन्यांत एखादी आई पटावर नाव नसलेल्या मुलाला रोज चार तास नीट शिकवत असेल, तर दोषी ती!

१९९८ च्या ज्या संहितेचा बडगा पालकांना दाखवला जातो, तिच्याच ५९ व्या कलमात आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे, आणि तिची आठवण फारशी कोणी काढत नाही. मोफत व सक्तीचे शिक्षण हा मुलाचा मूलभूत हक्क आहे. तो मिळवून देण्यात शासनाने कसूर केली तर तो हक्कभंग होय आणि त्याची जबाबदारी संबंधित अधिकाऱ्यावर येते. सक्ती दुहेरी आहे. तीन महिने वर्ग बंद राहिले त्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्यावर आली? घटनेतील आठ टक्क्यांचे वचन तर एकाही वर्षी पूर्ण झालेले नाही; अलीकडच्या वर्षांत खर्च सहा टक्क्यांच्याही खाली, म्हणजे १९९७ च्या जुन्या मर्यादेखाली घसरला आहे. घटनेचे तेच कलम मोडणाऱ्या अर्थमंत्र्याच्या दारात कोणी उभे राहत नाही.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की, मग सक्तीच काढून टाका, ज्याचे मूल तो पाहील. हे मला मान्य नाही, आणि याचे कारण त्या शिकलेल्या आईशी संबंधित नाही. ‘घरी शिकवतो’ असे म्हणण्याची मोकळीक दिली की ती सगळ्यांनाच द्यावी लागते. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी ठेवलेली बारा वर्षांची मुलगी ‘घरी शिकते’. वीस-पंचवीस वर्षांच्या पुरुषाबरोबर नांदायला धाडलेली पंधरा वर्षांची मुलगीही ‘घरी शिकते’. हा प्रकार कोस्टा रिकात इतका होता की, २०१७ मध्ये अल्पवयीनांचे विवाह आणि असे विषम संबंध यांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. अंगावरचा वळ पहिल्यांदा दिसतो तो बहुधा बाईंना, वर्गात. रोज कोणीतरी परके माणूस मुलाचा चेहरा पाहते, ही शाळेची अभ्यासक्रमात न छापलेली कामगिरी आहे. दंडाच्या जोडीला कोस्टा रिकाने मदतही दिली आहे. २००६ पासून ‘आवान्सेमोस’ योजनेत गरीब घरच्या किशोरांना माध्यमिक शाळेत टिकण्यासाठी दरमहा पैसे मिळतात. अट एकच, शाळेत हजर राहा. घरी ठेवण्यात ज्या घराचा फायदा आहे त्या घराला शाळेत पाठवण्यात फायदा दाखवणे, हे दंडापेक्षा शहाणपणाचे.

आणि खरे शाळाबाह्य मूल शोधायचे तर ते पुस्तकांच्या कपाटाशेजारी सापडणार नाही. ताराझू आणि कोतो ब्रुसच्या डोंगरांत कॉफीच्या तोडणीला दरवर्षी पनामाच्या हद्दीतून ङाबे आदिवासींची कुटुंबे मुलाबाळांसह येतात. तोडणी एका भागात संपली की बिऱ्हाड दुसऱ्या भागात. ऊसतोडीच्या गाड्या पाहिलेल्या मराठी वाचकाला याचे अधिक वर्णन नको. त्यांच्या लहान मुलांसाठी मळ्यांजवळ दिवसभराची पाळणाघरे निघाली आहेत, आणि ती चांगली चालतात. पण दोन देशांत फिरणाऱ्या या मुलाचे नाव कोणत्या शाळेच्या पटावर असणार? घरी शिकवणाऱ्या कुटुंबाला आणि या कुटुंबाला कायदा एकाच रकान्यात टाकतो, आणि त्यामुळे दोघांपैकी कोणाचेच भले होत नाही.

मग करावे काय? याचे उत्तर स्पॅनिश भाषेतच उपलब्ध आहे. चिलीमध्ये अठरा वर्षांखालील मुलाला शाळेत न जाता दरवर्षी सरकारी परीक्षा देऊन आपली इयत्ता प्रमाणित करून घेता येते. मूल कोठे शिकले हे कोणी विचारत नाही. काय शिकले हे विचारतात. पोर्तुगालने २०२१ मध्ये गृहशिक्षणाचे नियम कडक केले : मुलाचे नाव जवळच्या शाळेत नोंदवायचे, घरी शिकवणारी व्यक्ती पदवीधर हवी, आणि शाळेने वर्षभर प्रगतीवर लक्ष ठेवायचे. पदवीची अट मला जाचक वाटते. न शिकलेल्या आईने मुलाला उत्तम शिकवल्याची उदाहरणे प्रत्येकाच्या माहितीत असतात. पण नाव नोंदवणे आणि मूल प्रत्यक्ष दाखवणे, या दोन गोष्टींना विरोध करणाऱ्या पालकाविषयी मला सहानुभूती वाटत नाही. उलट फ्रान्सने २०२२ पासून साध्या सूचनेऐवजी पूर्वपरवानगी आवश्यक केली, आणि परवानगी देणारा हात ज्याच्या त्याच्या मर्जीने चालतो.

कोस्टा रिकाला यासाठी घटनेला हात लावण्याचीही गरज नाही. सक्ती ‘शिक्षणाची’ आहे, असे ७८ वे कलम म्हणते. मुक्त शिक्षणाच्या परीक्षांचे यंत्र मंत्रालयाकडे तयार आहे. वयाची अट खाली आणून लहान इयत्तांच्या परीक्षा उघडल्या, आणि जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात अशा मुलांचा वेगळा पट ठेवला, तर बालसंरक्षण मंडळाच्या माणसाला भूमिती शिकणारे मूल आणि भांडी घासणारे मूल वेगवेगळे दिसू लागेल. त्याचे श्रम मग दुसऱ्या मुलासाठी मोकळे होतील. याला विरोध होईल तो शिक्षक संघटनांचा, आणि त्यांची भीती निराधार नाही : आधी चार सुखवस्तू घरे बाहेर पडतील, मग मध्यमवर्ग खासगी शाळांत जाईल आणि सरकारी शाळा ज्यांना पर्याय नाही त्यांच्यापुरती उरेल. मात्र ही गळती गृहशिक्षणाने सुरू झालेली नाही. २०१८ च्या संपात खासगी शाळांचे वर्ग भरत होते, हे पालकांनी पाहिले आहे.

आता आपल्याकडे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे दहावे कलम सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला नजीकच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य मानते. शिक्षा सांगत नाही. गृहशिक्षणाचे नावही घेत नाही. पुण्या-मुंबईत मुलांना घरी शिकवणारी कुटुंबे आहेत, ती या मौनाच्या आधाराने. मुक्त विद्यालयाची परीक्षा आणि सतरा नंबरचा फॉर्म ही त्यांची मागची दारे, आणि तीही कोस्टा रिकासारखीच शाळा सुटलेल्यांसाठी बांधलेली. आज कोणी अडवत नाही म्हणून ही कुटुंबे निश्चिंत आहेत. पण ज्या मुलाचे नाव कोठल्याच पटावर नाही, त्याच्या वतीने चौदाव्या वर्षापर्यंत काही विचारण्याचा अधिकार कोणाला आहे, हे आपल्या कायद्यानेही अद्याप सांगितलेले नाही.